कपाट गच्च, तरी घालायला काही नाही: कपड्यांच्या खरेदीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपड्यांची खरेदी हाताबाहेर गेली आहे, असं सांगणाऱ्या माणसांशी मी गेली काही वर्षं बोलते आहे. त्याआधी बराच काळ मी त्यांच्यातलीच एक होते. पार्सल आलं की घरातल्यांच्या नजरेआड उघडायचं, खोका बाहेरच्या बाहेर टाकून द्यायचा आणि कपडा कपाटात मागच्या रांगेत लावून ठेवायचा, म्हणजे कोणी विचारलंच तर "हा जुनाच आहे" असं म्हणता यायचं. खालचे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले आहेत. काही मी स्वतःलाच विचारले होते. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरांकडे जायला हवं, तिथे तसं लिहिलं आहे.

मला कपड्यांची हौस आहे. हौस कुठे संपते आणि व्यसन कुठे सुरू होतं?

हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि खऱ्या हौशी माणसाचं कपाट पाहिलं की ते पटतं. कोणता कपडा कधी घेतला, कोणत्या दिवशी घातला, हे सगळं त्याला आठवत असतं. तो कपडे वापरतो, जपतो, त्यांच्याबद्दल भरभरून बोलतो. व्यसन जडलेला माणूस कपड्यांच्या विषयावर गप्प होतो. म्हणून किती कपडे घेतले हे मोजण्याआधी, घेतल्यानंतर काय होतं ते बघा. खरेदी लपवावीशी वाटते का? किंमत कमी करून सांगता का? थांबायचं ठरवूनही हात थांबत नाही आणि त्यापायी घरखर्चाला, झोपेला, नात्यांना झळ बसते आहे का? एखाद्या महिन्यात जास्त खर्च झाला म्हणून घाबरायचं कारण नाही. पण हे महिनोन्‌महिने चाललं असेल, तर हौस म्हणून सोडून देऊ नका.

याला खरंच आजार म्हणतात का, की हा मनाचा दुबळेपणा आहे?

दुबळेपणा नक्कीच नाही. एमिल क्रेपेलिन आणि ऑयगेन ब्लॉयलर या मानसोपचारतज्ज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच खरेदीच्या अनावर ओढीचं वर्णन करून ठेवलं आहे. तेव्हा तिला ‘ओनिओमेनिया’ म्हणत. तिला कोणत्या वर्गात बसवायचं यावर मात्र तज्ज्ञांचं अजून एकमत झालेलं नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या ‘डीएसएम-५’ या यादीत ती स्वतंत्र आजार म्हणून नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ‘आयसीडी-११’ ही यादी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात आवेगावर ताबा न राहण्याच्या इतर विकारांमध्ये या ओढीला जागा मिळाली आहे.

आणखी एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. हे ‘बायकांचं वेड’ आहे, असा समज फार पक्का आहे. अमेरिकेतली एक मोठी पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रौढांपैकी ५.८ टक्के लोकांमध्ये ही लक्षणं आढळली, आणि स्त्रिया व पुरुष यांच्या प्रमाणात जवळजवळ फरक नव्हता. पुरुष याबद्दल बोलतच नाहीत, म्हणून त्यांची कपाटं कोणाला दिसत नाहीत.

ऑर्डर करताना इतकं छान वाटतं आणि कपडा हातात आला की काहीच वाटत नाही. असं का होतं?

कारण सगळा आनंद वाट पाहण्यात खर्च झालेला असतो. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग याबाबतीत बरंच सांगून जातात. रस मिळण्याआधी एक खूण दाखवायची, मग रस द्यायचा, असं त्याने पुन्हा पुन्हा केलं. सुरुवातीला रस तोंडात पडला की मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी चेतत. खुणेचा अर्थ कळल्यावर त्या खूण दिसताच चेतू लागल्या आणि रस मिळाला तेव्हा शांत राहिल्या. आपल्या बाबतीत फोनवरचा फोटो ही खूण असते आणि कपडा हा रस. पार्सल उघडेपर्यंत मेंदूचं काम होऊन गेलेलं असतं, म्हणून तो लगेच पुढच्या फोटोकडे वळतो.

हे समजल्यावर मला फार हायसं वाटलं होतं. कपडा आवडला नाही म्हणजे माझी निवड चुकली, आता अजून चांगला शोधायला हवा, असंच मी इतकी वर्षं समजत होते.

कपाट बंद होत नाही इतके कपडे आहेत. तरी रोज सकाळी "घालायला काही नाही" असं का वाटतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि माझ्या मते इतर सगळ्या प्रश्नांची किल्ली यातच आहे.

आपण कपडे घेतो ते बहुतेक वेळा आपण जगत नसलेल्या आयुष्यासाठी. घरून काम करणारा माणूस बैठकांचे कोट घेत राहतो. वर्षातून एकदा प्रवास करणारी बाई प्रवासाचे कपडे जमवते. ज्याला गर्दी नकोशी वाटते त्याच्याकडे पार्टीचे शर्ट सापडतात. कपडा घेताना आपण मनात एक चित्र बघतो: तो घातलेले आपण, थोडे निवांत, थोडे धीट, चार लोकांत उठून दिसणारे. कपडा घरी येतो, ते आयुष्य येत नाही. मग सोमवारी सकाळी कपाट उघडलं की समोर सगळे ‘त्या’ माणसाचे कपडे टांगलेले असतात, आणि कामाला जायचं असतं आपल्याला.

माझ्याकडे मोहरीच्या रंगाचा एक लांब कोट होता. आत रेशमासारखं मऊ अस्तर, कॉलर रुंद, बाहीला तीन बटणं. टॅग तसाच लटकत होता, त्याच्या दोऱ्यालाही कात्री लागली नव्हती. दर महिन्याला मी तो काढून आरशासमोर उभी राहायची आणि पुन्हा टांगून ठेवायची. तो कोट घालून जिथे जावं अशी एकही जागा माझ्या आठवड्यात नव्हती. हे मला कळायला दोन वर्षं लागली. त्या काळात मला एका अशा कामाची ओढ होती जे मला मिळत नव्हतं. कोट त्या कामाचा होता. मला हवं होतं ते काम.

म्हणून पहिला उपाय कपाटात नाही, वहीत आहे. सलग १४ दिवस रोज रात्री एक ओळ लिहा: आज कुठे होतो, काय घातलं, त्यात कसं वाटलं. टोचलं, घाम आला, सारखं खाली ओढावं लागलं, की घातलंय याची आठवणही राहिली नाही, जे असेल ते. दोन आठवड्यांनी आपला खरा आठवडा कसा दिसतो ते कागदावर येतं. बहुतेकांना आढळतं की तेच सहा-सात कपडे पुन्हा पुन्हा घातले जातात. त्यांची लाज वाटून घेऊ नका. आपल्या आवडीनिवडीचा सगळ्यात खरा पुरावा तेच कपडे आहेत. त्यांचा रंग कोणता, कापड कोणतं, गळा कसा, लांबी किती, हे नीट लिहून काढा. जाणीवपूर्वक जमवलेलं कपाट उभं राहतं ते या यादीवर.

मग सुरुवात कपाट आवरून, नको ते काढून टाकण्यापासून करू का?

नको. निदान पहिले दोन-तीन महिने तरी नको. इथे माझं मत अनेकांपेक्षा वेगळं आहे, हे मला माहीत आहे. पण मी बऱ्याच जणांना एका शनिवार-रविवारी चार पोती कपडे बाहेर काढताना पाहिलं आहे, आणि रिकामा झालेला खण तिसऱ्या महिन्यात पुन्हा भरलेलाही पाहिला आहे. खरेदीची सवय तशीच असताना रिकामी जागा म्हणजे तिला आवतण. शिवाय आवरण्याच्या उत्साहात "आता फक्त चांगलंच घ्यायचं" असं ठरतं आणि तेवढंच निमित्त नव्या खरेदीला पुरतं.

आधी येणं थांबवा, जाणं नंतर बघू. आवरायचंच असेल तर एकच काम करा: एकाच प्रकारचे सगळे कपडे एकदम पलंगावर काढा. सगळे पांढरे शर्ट, किंवा सगळ्या काळ्या पँट. मी पांढरे शर्ट काढले तेव्हा ते अकरा भरले. त्यातल्या चारांची कॉलर इतकी सारखी होती की मलाही वेगळे ओळखता आले नाहीत. मी एकच शर्ट चार वेळा विकत घेतला होता, कारण पहिले तीन कपाटात मागे कुठेतरी होते.

खरेदीची ऊर्मी आली की त्या क्षणी काय करू?

अ‍ॅलन मार्लट हे मानसशास्त्रज्ञ व्यसनमुक्तीवर काम करत. ऊर्मी ही लाटेसारखी असते, असं ते रुग्णांना शिकवत. ती चढते, फुटते, ओसरते. तिच्याशी झगडायचं नाही, तिला शरणही जायचं नाही, ती अंगावरून जाऊ द्यायची. करताना ते असं: फोन पालथा ठेवा, दोन्ही पाय जमिनीवर टेका, आणि ओढ शरीरात कुठे जाणवते ते शोधा. छातीत धडधड आहे का, पोटात कालवतंय का, बोटं शिवशिवताहेत का. बहुतेक वेळा अर्ध्या तासात ती सौम्य होते. पहिल्या चार-पाच वेळा हा अर्धा तास फार लांब वाटतो. नंतर तो आखूड होत जातो.

लाट ओसरल्यावर एक प्रश्न: ही ऊर्मी यायच्या आधीच्या तासाभरात काय घडलं होतं? कोणी टोचून बोललं का, काम अडलं का, एकटं वाटलं का, की नुसता कंटाळा होता? हे लिहून ठेवा. महिनाभरात आपली वेळ कोणती आणि आपली दुखरी जागा कोणती, ते लक्षात येतं. माझी वेळ रात्री साडेदहानंतरची होती. दिवसभर सगळ्यांचं करून झाल्यावर "आता माझ्यासाठी काहीतरी" अशी ती भूक असायची. मला खरोखर लागत होती ती विश्रांती, आणि मी कपडे घेत होते.

मन घट्ट करण्याइतकंच वाटेत अडथळे घालणंही महत्त्वाचं आहे. फोनमध्ये आणि दुकानांच्या अ‍ॅपमध्ये साठवलेले कार्डाचे तपशील पुसून टाका. अ‍ॅपच काढलं तर अधिक चांगलं. ऑफरचे मेल आणि संदेश बंद करा. ज्यांचे फोटो पाहिले की कार्टकडे हात जातो, अशा खात्यांना काही काळ अनफॉलो करा. दुकानात जायचं तर रोख पैसे घेऊन जा. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांचा एक प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायची होती. क्रेडिट कार्डाने पैसे देणाऱ्यांनी रोखीने देणाऱ्यांच्या दुपटीच्या आसपास बोली लावली. नोटा मोजून देताना जो हात थबकतो, तो कार्डाला थबकत नाही.

आणि ‘प्रतीक्षा वही’ ठेवा. आवडलेला कपडा तारखेसह तिथे लिहा, सोबत "कशाबरोबर घालणार, कुठे घालणार" हेही. ३० दिवसांनी वाचा. माझ्या वहीतल्या बऱ्याच नोंदी तेव्हा मला आठवतही नव्हत्या. ज्या तेव्हाही हव्याशा वाटल्या, त्यातल्या काही मी घेतल्या आणि त्या आजही घालते.

सेलमध्ये न घेणं म्हणजे नुकसानच नाही का?

न घेतलेल्या कपड्यावर एक पैसाही जात नाही. निम्म्या किमतीत घेतलेला कपडा कधीच घातला नाही, तर त्याचे दिलेले सगळेच पैसे वाया गेलेले असतात. प्रतीक्षा वहीत आधीपासून असलेली वस्तू सेलमध्ये मिळाली तर जरूर घ्या.

एका माणसाकडे नेमके किती कपडे असावेत?

आकडा सांगा, असा आग्रह सगळे करतात. ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ म्हणजे एकमेकांबरोबर जुळणाऱ्या थोडक्या कपड्यांचा संच. ही कल्पना १९७० च्या दशकात लंडनमध्ये दुकान चालवणाऱ्या सूझी फॉ यांनी पुढे आणली. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डिझायनर डॉना कॅरन यांनी सात कपड्यांच्या कल्पनेवर आपला संग्रह उभा केला. २०१० मध्ये कोर्टनी कार्व्हर यांनी तीन महिने ३३ वस्तूंत भागवण्याचा उपक्रम सुरू केला. चपला-बूट आणि दागिनेही त्यात धरलेले, आतले कपडे आणि झोपायचे कपडे वगळून. करून बघायला हे उपक्रम चांगले आहेत, मीही एकदा केला. पण आकडा हाही काहींच्या बाबतीत नवा नाद होतो. ३३ मध्ये बसवण्यासाठी जुनं काढून ‘अधिक योग्य’ नवं आणणारी माणसं मी पाहिली आहेत.

साधा हिशेब करा. कपडे किती दिवसांनी धुतले जातात, वाळायला किती वेळ लागतो, रोज किती वेळा बदलावे लागतात, कामाला वेगळे लागतात का. चार दिवसांनी धुणाऱ्याला रोजच्या वापराचे सहा-सात जोड पुरतात. लहान मूल सांभाळणाऱ्याला जास्त लागतील. तुमचा आकडा तुमच्या धुण्याच्या दोरीवर आहे.

चांगला कपडा ओळखायचा कसा? मला कापडातलं काही कळत नाही.

कळेल. डोळ्यांपेक्षा हातांवर विश्वास ठेवा. कपडा उलटा करा, कारण शिवणाऱ्याचं काम आतून दिसतं. शिवणीच्या बाजूला थोडी माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली आहे का ते बघा. ती असेल तर पुढे कपडा सैल करता येतो. कच्ची कड नुसती कापून सोडली असेल तर चार धुण्यांत धागे सुटतात. शिवण दोन्ही हातांनी हलकेच ताणा. टाक्यांमधून फट दिसली तर टीप विरळ आहे. चौकडीचा किंवा पट्ट्यांचा कपडा असेल तर खिशावर आणि बाजूच्या शिवणीवर रेषा जुळतात का पाहा. कापड वाया न घालवता रेषा जुळत नाहीत, त्यामुळे ज्याने जुळवल्या त्याने खर्चात काटकसर केलेली नसते.

मग कापड उजेडासमोर धरा. पांढऱ्या शर्टातून पलीकडची बोटं मोजता येत असतील तर तो लवकर विरेल. मुठीत दहा सेकंद चुरगळा आणि सोडा, म्हणजे रोज इस्त्री लागणार का ते कळेल. ताणणारं कापड ताणून सोडा. लगेच मूळ जागी आलं नाही तर गुडघ्यात आणि कोपरात लवकरच फुगे पडणार. मिश्र धाग्याच्या स्वेटरवर लोकरीचे गोळे जास्त दिसतात त्याचं कारण असं, की आखूड धागे घासून वर येतात, गुंततात, आणि पॉलिएस्टरचा चिवट धागा ते गोळे गळून पडू देत नाही.

शेवटी कपडा घालून खाली बसा, हात वर करा, चप्पल किंवा बूट घालायला वाकतो तसे वाका. आरशासमोर उभं राहून सगळेच कपडे बरे दिसतात.

घरी आल्यावर: उलटा करून, ३० अंशांच्या आसपास किंवा थंड पाण्यात धुवा, रंगीत कपडे सावलीत वाळवा. ताणणाऱ्या कपड्यांना गरम ड्रायर आणि कडक इस्त्री नको. लवचीक धागा उष्णतेने मरतो.

महाग घेतलेला, न घातलेला कपडा देऊन टाकताना जीव तुटतो. काय करू?

पैसे गेले ते ज्या दिवशी घेतला त्या दिवशी. कपाटात ठेवल्याने ते परत येत नाहीत, उलट दार उघडलं की रोज एकदा टोचतात. मी तो मोहरी रंगाचा कोट एका ओळखीच्या मुलीला दिला. ती रोज पहाटे थंडीत बाहेर पडते. पहिल्याच हिवाळ्यात त्याची कोपरं झिजली, आणि ते पाहून मला जे समाधान मिळालं ते तो विकत घेताना मिळालं नव्हतं.

एक अपवाद आहे. काही कपडे न घालण्याचं कारण अगदी किरकोळ असतं: बाही बोटभर लांब, कमरेत सैल, बटण तुटलेलं. ते आधी शिंप्याकडे न्या. आणि ‘ठेवणीतले’ म्हणून जे कपडे चांगल्या दिवसाची वाट पाहत आहेत, त्यातला एक या आठवड्यात साध्या कामाच्या दिवशी घाला.

जुने कपडे देऊन टाकले की ते कोणाच्या तरी उपयोगी पडतातच ना? मग घ्यायला काय हरकत आहे?

देण्याची सोय आहे म्हणून घेणं, हा मोठा चकवा आहे. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालाप्रमाणे, कपडे बनवायला लागणाऱ्या मालापैकी एक टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यांत येतो. बाकीचा जळतो, पुरला जातो किंवा कमी प्रतीच्या कामाला लागतो. दिलेल्या ढिगातला बराचसा माल इतका हलका असतो की तो घालायला कोणीच तयार नसतं. द्यायचा तर धुऊन, बटणं लावून, ज्याला लागणार आहे त्याला विचारून द्या.

स्वस्त दुकानं सोडून पर्यावरणपूरक कपडेच घेतले तर चालेल का?

कारणं खरी आहेत. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसं गेली. त्यातली बहुतेक जगभरच्या दुकानांसाठी कपडे शिवणारी होती. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं गेलं. हे आठवलं की अगदी स्वस्त शर्टाकडे पूर्वीसारखं बघता येत नाही.

तरीही ज्याची ओढ सुटलेली नाही, त्याने आधी दुकान बदलू नये. ‘मी चांगलंच घेतोय’ या समाधानात मोजमाप सुटतं आणि पार्सलं पूर्वीसारखीच येत राहतात. वापरलेले कपडे विकणाऱ्या अ‍ॅपचंही तेच. ब्रिटनमधल्या ‘रॅप’ या संस्थेने हिशेब मांडला आहे: कपडा नऊ महिने जास्त वापरला तर त्याचा कार्बन, पाणी आणि कचऱ्याचा भार २० ते ३० टक्क्यांनी कमी होतो. ते नऊ महिने तुमच्या कपाटात आजच टांगलेले आहेत.

माझं वजन कमीजास्त होतं. लहान मापाचे कपडे ठेवू का?

एका पिशवीत घालून, तारीख लिहून, नजरेआड ठेवा. वर्षभराने बघा. समोर मात्र आजच्या अंगाला बसणारेच कपडे असू द्यात. रोज सकाळी स्वतःच्या शरीराशी भांडण नको.

कार्डावर कर्ज झालं आहे आणि घरी कोणालाच माहीत नाही. कसं सांगू?

आधी एकट्याने खरा आकडा काढा. सगळी कार्डं, हप्ते, ‘नंतर भरा’वाली खाती, उसनवारी, सगळं एका कागदावर. अंदाजाने सांगितलेला आकडा नंतर वाढतो आणि दुसऱ्या वेळी विश्वास पूर्ण तुटतो. मग एका माणसाला, शांत वेळी, आकड्यासकट सांगा. "मला आवरत नाहीये आणि मला मदत हवी आहे" एवढं वाक्य पुरतं. कारणांची यादी त्या दिवशी नको. समोरचा चिडेल, तो हक्क त्याचा आहे. पुढचे काही महिने कार्डं त्याच्याकडे ठेवायची आणि महिन्याचा हिशेब दोघांनी मिळून बघायचा, असं ठरवता आलं तर फार बरं.

कर्जाच्या ओझ्याने जगणं नकोसं वाटत असेल, तर हा कागद बाजूला ठेवा आणि आजच्या आज डॉक्टर, मदतवाहिनी किंवा जवळच्या माणसापर्यंत पोचा. कर्जातून वाट निघते.

डॉक्टरांकडे कधी जावं? यावर औषध आहे का?

वर लिहिलेले उपाय दोन-तीन महिने मनापासून करूनही फरक पडला नाही, किंवा सोबत उदासी, घबराट, झोपेचे प्रश्न असतील, तर जा. विचार आणि वर्तन बदलायला शिकवणाऱ्या उपचाराचा, म्हणजे सीबीटीचा, उपयोग झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. खास या त्रासासाठी म्हणून ठरलेलं औषध नाही, पण सोबतच्या नैराश्यावर उपचार झाले की खरेदीची ओढही अनेकदा उतरते.

दोन गोष्टी फार कमी लोकांना माहीत असतात. एक: झोप कमी लागूनही उत्साह उतू जातो आहे, विचार धावताहेत, आणि अचानक बेसुमार खर्च होतो आहे, असं असेल तर ती बायपोलर विकारातल्या उन्मादाची अवस्था असू शकते. तिथे वही-बिही उपयोगाची नाही, मानसोपचारतज्ज्ञ लागतात. दोन: काही औषधांनीच खरेदीची ओढ लागू शकते. पार्किन्सन आणि पायांच्या अस्वस्थतेवर दिली जाणारी प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही त्यातली. मानसिक आजारांवर दिल्या जाणाऱ्या अ‍ॅरिपिप्राझोलबद्दल एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१६ मध्ये असाच इशारा दिला होता. औषध सुरू झाल्यावर सवय लागली असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, मात्र ते आपल्या मनाने बंद करू नका.

माझ्या बहिणीला ही सवय आहे. तिला कसं समजावू?

"पुन्हा पार्सल?" हा प्रश्न पहिला बंद करा. त्याने पार्सल थांबत नाही, ती फक्त ते लपवायला लागते. तिचं कर्ज परस्पर फेडू नका. तिच्याबरोबर वेळ घालवायचा तर दुकानाबाहेरचं काही ठरवा, आणि तिने घातलेल्या जुन्या कपड्याचं मनापासून कौतुक करा.

तीन महिने काही घेतलं नाही आणि परवा एकाच रात्री पाच कपडे मागवले. सगळं पाण्यात गेलं का?

तीन महिने गेले ते कुठेही गेलेले नाहीत. आज पार्सल आलं तर टॅग काढू नका. परत पाठवण्याची मुदत बघा, ती कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवा आणि जे परत जाऊ शकतं ते उद्याच पाठवा. मग वहीत त्या रात्रीची नोंद करा, तासाभराआधी काय झालं होतं त्यासकट. "सगळं बिघडलंच आहे तर आणखी एक" हा विचार या टप्प्यावर हमखास येतो. तो आला की ओळखा.

मला साधं बटणही लावता येत नाही. कपडे जपायला शिकायचं तर सुरुवात कुठून करू?

बटणापासूनच. सुईत दुहेरी दोरा ओवा, तो आधी मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्या, म्हणजे गुंता होत नाही. जुन्या बटणाच्या जागी कापडावर दोन बारीक टाके घालून दोरा पक्का करा. बटण ठेवा आणि बटणाच्या वर, भोकांच्या मधोमध काडेपेटीतली एक काडी आडवी ठेवा. प्रत्येक टाका त्या काडीवरून घ्या, भोकांच्या जोडीतून चार-चार वेळा. आता काडी काढा आणि बटण वर ओढा. कापड आणि बटण यांच्यामध्ये दोऱ्याची थोडी ढील दिसेल. तिच्याभोवती दोरा पाच-सहा वेळा गुंडाळा, की बटणाला छोटी मान तयार होते. सुई मागे काढून दोन गाठी मारा आणि दोरा कापा. ही मान असल्यामुळे जाड कापडाचं काजही बटणाखाली नीट बसतं, आणि रोजच्या ओढाताणीने दोरा तुटत नाही. पहिल्या खेपेला वीस मिनिटं लागतील.

ज्या शर्टाचं बटण तुटलंय म्हणून तो मागे पडला आहे, तो घ्या.